यंत्र चुकते, भुर्दंड कोणाला?

उरण तालुक्यात न्हावा-शेवा नावाचे बंदर आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. मुंबई बेटाच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर ते वसले आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई नावाचे जे शहर उभे केले, त्याच्या कामधंद्याचा हे बंदर म्हणजे एक मोठा खांबच होय. नाशिककडची द्राक्षे म्हणा, लासलगावचा कांदा म्हणा, परदेशी निघाला की बहुधा याच बंदरातून कंटेनरमध्ये बसून निघतो. म्हणजे बंदर उरणला असले, तरी त्याच्याशी नाते निफाडच्या शेतकऱ्याचेही आहे.

२७ जून २०१७ या दिवशी या बंदरातला एक धक्का ठप्प झाला. गेटवे टर्मिनल्स इंडिया असे त्याचे नाव. डेन्मार्क देशातील मायर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाकडे तो चालविण्याचे काम होते. वादळ झाले नव्हते, संप नव्हता, क्रेनही मोडली नव्हती. बंद पडले होते ते संगणक. कोणता कंटेनर कोणाचा, तो कोठे ठेवला आहे, कोणत्या जहाजावर चढवावयाचा, हे सारे सांगणारा संगणकच मुका झाला, तेव्हा धडधाकट क्रेन आणि कामावर हजर असलेली माणसे असूनही काम पुढे सरकेना. पुढे हाताने नोंदी करून जमेल तसे काम चालवावे लागले.

हे कशामुळे घडले? त्याचे मूळ न्हावा-शेव्यात नव्हते, डेन्मार्कमध्येही नव्हते. ते होते युक्रेन देशात. तेथे कर भरण्यासाठी हिशेब ठेवणारे एम. ई. डॉक नावाचे सॉफ्टवेअर हजारो व्यापारी वापरीत असत. सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या हुकुमांची लांबलचक यादी. ती तयार करणारी कंपनी वेळोवेळी तिच्यात सुधारणा करते आणि ती सुधारणा इंटरनेटवरून गिऱ्हाइकांच्या संगणकांत पोचती होते. गुन्हेगारांनी नेमका हाच रस्ता धरला. सुधारणा पाठविणाऱ्या संगणकातच ते शिरले आणि तिच्याबरोबर विष मिसळून दिले. दूधवाल्याच्या नकळत त्याच्या कॅनमध्ये कोणी विष कालवावे आणि त्याने ते नेहमीप्रमाणे घरोघर घालावे, तसा हा प्रकार झाला. मायर्स्कच्या युक्रेनमधील एका संगणकावर हे हिशेबाचे सॉफ्टवेअर होते. तेवढी फट पुरली. तेथून हे विष कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरले आणि काही तासांत उरणला येऊन पोचले.

मायर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले. यातली एक गोष्ट मोठी गमतीची आहे. सर्व संगणकांची सूत्रे सांभाळणारी जी माहिती असते, तिची जगभरची प्रत नष्ट झाली; वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना देशात. का वाचली? तर त्या वेळी तेथे वीज गेली होती! वीज जाण्याचे दुःख आपल्याला काही नवे नाही. पण वीज गेल्यामुळे कोणाचे भले झाल्याचे हे उदाहरण विरळाच.

आता खरा प्रश्न येतो. हे नुकसान भरून कोणी द्यावयाचे? गुन्हेगाराने, हे उत्तर सरळ आहे. परंतु तो सापडावा तर लागतो. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये या हल्ल्याचा दोष रशियाच्या लष्कराला दिला, रशियाने तो नाकारला. परक्या देशाच्या लष्करावर उरणचा ट्रकमालक काय दावा लावणार? मग हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने द्यावे काय? जुलै २०१७ मध्ये युक्रेनच्या पोलिसांनी तिचे सर्व्हर जप्त केले; पण जगभर बुडालेली रक्कम तिच्याकडून वसूल होणे शक्यच नव्हते. मायक्रोसॉफ्टने द्यावे काय? त्यांच्या विंडोजमधल्या एका भोकाचा उपयोग या विषाने केला होता. त्यावर कंपनीचे म्हणणे असे, की भोक बुजविण्याचे ठिगळ आम्ही मार्च २०१७ मध्येच दिले होते. तेव्हा शेवटी मोठ्या कंपन्या गेल्या त्या विमा कंपन्यांच्या दारी. मर्क या औषध कंपनीला विमावाल्यांनी सांगितले, की हे तर युद्ध, आणि युद्धाची भरपाई आम्ही देत नाही. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये ते म्हणणे फेटाळले आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. ज्याचा विमा होता त्याला काही मिळाले. ज्याचा नव्हता, त्याने आपले नुकसान आपणच सोसले.

वाचकहो, यंत्राच्या चुकीचा भुर्दंड कोणी भरावा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. तो समजून घेण्यासाठी आपल्याला दीडशेहून अधिक वर्षे मागे, इंग्लंडमधील एका पिठाच्या गिरणीत जावे लागेल. ग्लॉस्टर गावात हॅडली नावाच्या मालकाची वाफेवर चालणारी गिरणी होती. तिचा लोखंडी दांडा मोडला. नवा दांडा घडविण्यासाठी जुना नमुना म्हणून ग्रिनिचच्या कारखान्यात पाठवावयाचा होता. तो पोचविण्याचे काम एका मालवाहू कंपनीने घेतले आणि काही दिवस उशीर केला. तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. बुडालेल्या नफ्याबद्दल हॅडलीने दावा केला. १८५४ साली न्यायालयाने निकाल दिला तो असा: करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान होते, किंवा करार करताना दोन्ही पक्षांना ज्याची कल्पना होती, तेवढेच मागता येते. या दांड्याविना गिरणी बंद पडेल, ही गोष्ट मालवाहू कंपनीला कळलेली नव्हती, असे न्यायालयाने धरले. म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही.

हाच नियम १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमात आला आणि आजही तो आपल्याला लागू आहे. शिक्षकबंधुभगिनींनी हे कलम मुळातून अवश्य पाहावे. त्याखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत एक गिरणीचेच आहे. यंत्र पोचले नाही म्हणून गिरणी बंद आहे, हे वाहतूकवाल्याला आधी सांगितले असेल, तर त्या दिवसांचा सरासरी नफा मागता येतो. पण त्यामुळे एखादे सरकारी कंत्राट हातचे गेले, तर त्याचे नुकसान मागता येत नाही. दूरचे नुकसान ज्याचे त्याने सोसावे, असा हा हिशेब आहे.

गिरणीच्या काळी हा हिशेब वाईट नव्हता. दांडा मोडला, हे मालकाला डोळ्यांनी दिसत होते. उशीर कोणी केला, हेही कळत होते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोन गोष्टी बदलल्या. एक तर चूक दिसेनाशी झाली. ती हुकुमांच्या यादीत कोठेतरी दडून बसते आणि ती यादी गिऱ्हाइकाला पाहावयास मिळत नाही. दुसरे असे, की विकणाऱ्याने कराराचा कागद स्वतःच लिहिला. मोबाइलवर काहीही नवे घेताना ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर आपण बोट ठेवतो ना, तोच हा कागद. त्यात बहुधा लिहिलेले असते, की हे आहे तसे दिले आहे, यामुळे तुमचे पैसे बुडाले तर आम्ही जबाबदार नाही, आणि जबाबदार ठरलोच तर अमुक रकमेपलीकडे देणार नाही.

असा कागद न्यायालयात टिकतो काय? याची एक नामांकित कसोटी इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथील नगरपरिषदेच्या खटल्यात लागली. तेथे माणशी कर बसविण्यासाठी करदात्यांची संख्या काढावयाची होती. आय. सी. एल. या संगणक कंपनीच्या सॉफ्टवेअरने ती २,९६६ ने जास्त दाखविली. माणसे जास्त, म्हणून माणशी कर कमी बसविला गेला, आणि वर्षाअखेर परिषदेला १३ लाख पौंडांहून अधिक तोटा आला. कंपनीने करार पुढे केला: आमची जबाबदारी फार तर १ लाख पौंडांची. १९९४ साली न्यायाधीशांनी ही अट अवाजवी ठरविली. कंपनी मोठी, तिच्याजवळ ५ कोटी पौंडांचा विमा. परिषदेला मात्र अटींवर घासाघीस करण्यास वाव नव्हता. धोका पेलण्याची ताकद ज्याच्याजवळ, त्यानेच तो पेलावा, असे हे तत्त्व होय. १९९६ साली अपिलात भरपाईची रक्कम कमी झाली. पण तत्त्व कायम राहिले. मात्र लक्षात घ्या, इंग्लंडमध्ये अवाजवी अटी रद्द करणारा कायदा १९७७ सालीच झाला होता, म्हणून हा निकाल देता आला.

याच आय. सी. एल. कंपनीने पुढे इंग्लंडच्या पोस्टासाठी होरायझन नावाची संगणक व्यवस्था तयार केली. कंपनी नंतर जपानच्या फुजित्सू समूहात विलीन झाली. १९९९ पासून ही व्यवस्था गावोगावच्या पोस्टांत बसली. तेथे छोटे पोस्ट चालविणारा माणूस बहुधा गावातला दुकानदारच असतो, पोस्टाचा ठेका त्याच्याकडे असतो. संध्याकाळी संगणक सांगू लागला, की तुमच्या गल्ल्यात इतके पौंड कमी आहेत. प्रत्यक्षात पैसे गेलेच नव्हते, हिशेबच चुकत होता. पण करारात लिहिले होते, की तूट पोस्टमास्तराने भरावी. आणि त्याच सुमारास इंग्लंडच्या कायद्यात बदल होऊन, उलट काही दिसत नसेल तर संगणक नीट चालत होता असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे, असे ठरले होते. कोणी घर गहाण टाकून तूट भरली, कोणी तुरुंगात गेले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरविले गेले. १६ डिसेंबर २०१९ रोजी, ॲलन बेट्स आणि त्यांच्या सोबत्यांच्या दाव्यात, त्या व्यवस्थेत दोष होते हे न्यायालयाने मान्य केले. २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकाव्या लागल्या. भरपाई २०२५ पर्यंत १०० कोटी पौंडांच्या पुढे गेली, पण ती मुख्यतः सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच पैशातून.

या कथेतले मर्म काय? नुकसान कोणाचे, हा प्रश्न शेवटी पुरावा कोणी द्यावयाचा या प्रश्नावर येऊन ठेपतो. ज्याच्याजवळ यंत्राच्या नोंदी आहेत त्याने यंत्र बरोबर होते हे दाखवावयाचे, की ज्याला आत डोकावताही येत नाही त्याने ते चुकले हे सिद्ध करावयाचे? इंग्लंडमध्ये वीस वर्षे हे ओझे दुबळ्याच्या खांद्यावर होते. त्याचे फळ काय झाले, ते आपण पाहिलेच.

आता आपल्या देशाकडे वळू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही मुंबईत १९६८ साली निघालेली कंपनी. तिच्या आणि आंध्र प्रदेश सरकारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये सांगितले, की तबकडीवर भरून बाजारात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा माल आहे, त्यावर विक्रीकर बसतो. म्हणजे सरकारला कर हवा होता तेव्हा सॉफ्टवेअर माल ठरले. परंतु गिऱ्हाइकाला भरपाई हवी असते तेव्हा हीच वाट तितकी सरळ राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी आली. ती २० जुलै २०२० पासून लागू झाली. पण मालाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचे नाव नाही. ग्राहकाला बहुधा सेवेतील त्रुटी या दारानेच आत शिरावे लागते. समाधानाची बाब एक, की याच कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना अवाजवी करार रद्द ठरविण्याचा अधिकार दिला. इंग्लंडने जे १९७७ साली केले, ते आपल्याकडे ग्राहकापुरते तरी आले.

दरम्यान दुसरे एक दार उघडले होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक राज्यात एक न्यायनिर्णय अधिकारी नेमला; ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्याच्यासमोर चालतात. महाराष्ट्रात हे काम मंत्रालयातील माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे आले. २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम घातले: लोकांची नाजूक माहिती जवळ बाळगणाऱ्या कंपनीने तिची वाजवी राखण केली नाही, तर तिने भरपाई द्यावी. हे कलम काढून त्याच्या जागी दंडाची नवी व्यवस्था आणण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात आहे. पण त्या दंडाची रक्कम सरकारजमा होते, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती नव्हे. जाणकारांनी या फरकावर नजर ठेवलेली बरी.

या दाराचा उपयोग कसा झाला, त्याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये चोरट्यांनी वळविले. बँकेचे म्हणून आलेल्या एका खोट्या ई-मेलला कंपनीच्या चालकांनी उत्तर दिले होते. २०१३ साली निर्णय झाला, की बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत. सगळे का नाहीत? कारण ग्राहकाचीही चूक होती. काहीच का नाही, असे मात्र झाले नाही. कारण पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती उघडताना बँकेने पुरेशी चौकशी केली नव्हती. चुकीच्या मापाने भुर्दंड वाटून देण्याचा हा शहाणपणाचा मार्ग होता.

त्यानंतरचे मोठे पाऊल रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी टाकले, म्हणजे न्हावा-शेव्याच्या घटनेनंतर अवघ्या नऊ दिवसांनी. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण काळाचा योग पाहा. या परिपत्रकाने सांगितले, की बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकावर काहीच भार नाही. बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, दोष मधल्याच कोणाच्या व्यवस्थेत आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर तेव्हाही भार शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले. जे इंग्लंडच्या पोस्टमास्तरांना मिळाले नाही, ते आपल्या खातेदाराला एका परिपत्रकाने मिळाले! १४ डिसेंबर २०१७ रोजी हाच नियम सहकारी बँकांनाही लावण्यात आला. गावातल्या माणसाचे खाते बहुधा तेथेच असते, म्हणून ही तारीख मुद्दाम सांगतो.

नियम कागदावर होता. न्यायालयात तो टिकतो का, हे दिसावयास वेळ लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदातील खात्यातून ७६ लाख ९० हजार रुपये अनोळखी खात्यांत गेले. पैसे घेणाऱ्यांची नवी नावे खात्याला जोडली गेली, त्याचा संदेशही आला नाही, असे कंपनीचे म्हणणे. बँकिंग लोकपालांनी तक्रार फेटाळली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन सर्व रक्कम व्याजासह परत करण्यास सांगितले. आसाममधील एका खातेदाराची गोष्ट अशीच. त्याने ऑनलाइन कपडे घेतले होते. दुकानदाराच्या संकेतस्थळावरची माहिती फुटली आणि चोरट्यांनी त्याच्या स्टेट बँकेतील खात्यातून ९४ हजार रुपये नेले. त्याने दिवसाच्या आत कळविले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले.

तर मग प्रश्न सुटला, असे म्हणावयाचे काय? अर्धाच सुटला. ग्राहक आणि बँक यांच्यातला हिशेब बराचसा लागला. पण बँक आणि तिला सॉफ्टवेअर पुरविणारा यांच्यातला लागलेला नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरट्यांनी एटीएम यंत्रणेत शिरकाव करून २८ देशांतून रोकड काढली. ग्राहकांची खाती शाबूत राहिली आणि तोटा बँकेवर पडला. पण सहकारी बँकेचा तोटा म्हणजे शेवटी सभासदांचाच तोटा. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर विष शिरल्याची शंका आली, म्हणून तिला देशाच्या पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यापासून तोडावे लागले. ही कंपनी सुमारे ३०० लहान बँकांना, म्हणजे बहुतांशी सहकारी आणि ग्रामीण बँकांना, सॉफ्टवेअर पुरवीत होती. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. परंतु तोवर त्या बँकांच्या खातेदारांना यूपीआयने पैसे देता-घेता येईनात. त्या दिवशी ज्याचा सौदा राहिला, त्याच्या नुकसानीची नोंद कोणत्या वहीत झाली? गिरणीच्या नियमाने ते ‘दूरचे नुकसान’ ठरते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या बँकांना बजावले, की संगणकाचे काम बाहेर दिले म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही. हे योग्यच झाले. पण लहान बँकेने सॉफ्टवेअर घेताना कोणत्या अटींवर सही केली, भरपाईची मर्यादा किती ठेवली, हे पाहावयाचे कोणी? संचालक मंडळाने, आणि संचालकांना विचारावयाचे सभासदांनी.

जगातही हा वाद चालू आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर बुडाले म्हणून दावा लावला. कंपनीने करारातली मर्यादा दाखविली. पण घोर हलगर्जीपणाच्या आरोपावर खटला पुढे चालविण्यास जॉर्जियाच्या न्यायालयाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. युरोपीय संघाने २०२४ साली सॉफ्टवेअर हाही मालच असे स्पष्ट लिहिले आणि सभासद देशांना डिसेंबर २०२६ पर्यंत आपापले कायदे तसे करावयास सांगितले. मात्र तेथेही इजा, मालमत्तेची हानी आणि माहितीचा नाश यांचीच भरपाई आहे. नुसते पैसे बुडाले तर ते या कायद्यात बसत नाही.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांचीही एक बाजू आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, लाखो ओळींच्या यादीत एकही चूक राहू नये हे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. प्रत्येक चुकीसाठी जगातल्या प्रत्येक तोट्याचे बिल आमच्या नावे फाडले, तर लहान कंपन्या बुडतील आणि फुकट सॉफ्टवेअर देणारे सज्जन ते देणेच बंद करतील. नवी मुंबईत ऐरोली, महापे, कोपरखैरणे या भागांत हजारो तरुण हेच काम करून संसार चालवितात. त्यांत आपल्या खेड्यांतून गेलेली मुले-मुलीही आहेत. त्यांच्या पोटावर पाय यावा असे कोण म्हणेल? परंतु चूक होणे वेगळे आणि वाजवी काळजीच न घेणे वेगळे. वैद्याच्या हातून रोगी दगावला म्हणून प्रत्येक वेळी वैद्य दोषी ठरत नाही. न तपासता औषध दिले, तर मात्र ठरतो. सॉफ्टवेअरलाही हेच माप लावावयास हरकत कोणती? ज्याला चूक शोधता येते, विमा उतरविता येतो आणि ज्याच्या हाती नोंदी आहेत, त्याने अधिक वाटा उचलावा, एवढेच मागणे आहे.

आता आपण काय करावयाचे? खात्यातून आपण न दिलेले पैसे गेल्याचा संदेश आला, तर ‘उद्या बँकेत जाऊ’ म्हणू नये. त्याच घटकेला बँकेला कळवावे, १९३० या क्रमांकावर फोन करावा, आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ वहीत लिहून ठेवावी. नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा दिवसांची मुदत आपल्या शाखेत विचारून घ्यावी. ओटीपी कोणाला सांगू नये, कारण तो सांगितला की शून्य भाराचा हक्क बहुधा आपणच गमावून बसतो. सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला जाल, तेव्हा लाभांश किती हे विचाराच. पण सॉफ्टवेअर कोणाचे, ते बंद पडले तर भरपाई काय, आणि विमा आहे का, हे तीन प्रश्नही विचारा. शिक्षकांनी वरच्या वर्गात एखादा तास गिरणीच्या दांड्यापासून यूपीआयपर्यंतच्या या प्रवासाला द्यावा. नागरिकशास्त्राचा याहून जिवंत धडा मिळणे कठीण.

कायदा आपोआप पुढे जात नाही. हॅडली न्यायालयात गेला, तो हरला, पण त्याच्या हरण्यातून नियम निघाला. इंग्लंडच्या पोस्टमास्तरांनी वीस वर्षे धीर धरला, तेव्हा ‘यंत्र चुकत नाही’ ही अंधश्रद्धा मोडली. पुण्याच्या कारखानदाराने आणि आसामच्या खातेदाराने तक्रार लिहून दिली, म्हणून आज आपल्याला ‘भार शून्य’ हे दोन शब्द उच्चारता येतात. यापुढचा नियम ज्या तक्रारीतून निघेल, ती कदाचित एखाद्या तालुक्याच्या गावातून, साध्या रेघी कागदावर लिहिलेली असेल. ती वेळेत लिहिली जावी, आणि तिच्यावर तारीख असावी.